टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर डेबियनमध्ये टाकायचंय? आधी लायसन्स बघा, मग पॅकेज

पंचवटीतल्या माझ्या एका मित्राने पोथ्या लावायचा प्रोग्रॅम लिहिलाय. आडवी सुटी पानं, चारही बाजूंनी नक्षीची चौकट, मोठा टाइप, अशी पोथी असते ना, तशी. साधी टेक्स्ट फाइल द्यायची, आतून झीलाटेक (लाटेकचाच देवनागरी फाँट समजणारा प्रकार) चालतं आणि प्रेसला द्यायची पीडीएफ तयार. इथे घाटावर आणि त्र्यंबकला गुरुजी मंडळींना अशा छोट्या पोथ्या सारख्या लागतात, त्यातून त्याला हे सुचलं. तो म्हणाला अरे हे डेबियनमध्ये टाक ना, म्हणजे कुणीही एका कमांडमध्ये इन्स्टॉल करेल. (डेबियन म्हणजे लिनक्सचा एक मोठा प्रकार, त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअरचं भांडार असतं.) मला वाटलं दोन शनिवार-रविवारचं काम आहे, आणि पॅकेजचं काम खरंच तेवढंच निघालं, पण लायसन्स निस्तरण्यात चार महिने गेले. ते चार महिने तुमचे वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

हे नवीन लोकांसाठी आहे. लिनक्स वापरता येतं, टर्मिनलची भीती नाही, लाटेकमध्ये एखादं डॉक्युमेंट केलंय, एवढं पुरे. कमांडची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयत, टर्मिनलवर ती रोमनमध्येच टाइप करायची. मित्राच्या प्रोग्रॅमला आपण इथे सोयीसाठी पोथीकार म्हणू.

पायरी १: वेगळं पॅकेज खरंच लागतंय का

हे आधी ठरवा, कारण बरेच जण इथेच चुकतात. तुमच्याकडे फक्त एक लाटेकची क्लास फाइल किंवा स्टाइल फाइल असेल तर तिचं वेगळं डेब पॅकेज (डेबियनमध्ये इन्स्टॉल होणारी फाइल) करत बसू नका, ती सरळ सीटॅनवर पाठवा. सीटॅन म्हणजे टेकचं (लाटेक ज्याच्यावर उभं आहे त्याचं) जगभरचं भांडार. तिथे आलेली आणि मुक्त लायसन्स असलेली गोष्ट टेक लाइव्हमध्ये, म्हणजे टेकच्या एकत्र बांधलेल्या संचात, घेतली जाते, टेक लाइव्ह १९९६ पासून निघतंय आणि दरवर्षी नवं येतं, आणि डेबियनवाले तेच टेक लाइव्ह मोठ्या गठ्ठ्यांमध्ये पॅक करतात. म्हणजे एकदा सीटॅनवर गेलं की डेबियन, फेडोरा, आर्च सगळीकडे आपोआप पोचतं. तुम्ही वेगळं पॅकेज केलंत आणि उद्या तीच फाइल टेक लाइव्हमधूनही आली तर दोन पॅकेजं एकाच फाइलवरून भांडतील.

वेगळं पॅकेज कधी लागतं? स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम असेल तेव्हा, किंवा फाँट असेल तेव्हा. पोथीकारमध्ये पायथनची स्क्रिप्ट होती म्हणून आम्हाला लागलं. तरीही त्यातली क्लास फाइल आम्ही पुढे सीटॅनलाच द्यायची ठरवलीय.

पायरी २: वही घ्या आणि प्रत्येक फाइलची चौकशी करा

डेबियनचं कुठलंही टूल इन्स्टॉल करायच्या आधी हे करा, कळकळीने सांगतो. मी उलट केलं होतं. आधी पॅकेज बांधलं, चालतंय म्हणून खूश झालो, आणि मग पुढे तपासणीतून परत आलं, आणि परत आलं ते बरोबरच होतं.

वहीत चार रकाने करा. फाइलचं नाव, ती कोणी केली, लायसन्स काय, आणि त्याचा पुरावा कुठे आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'मित्र म्हणाला चालतं' हा पुरावा होत नाही. फाइलच्या डोक्यावर लिहिलेली ओळ, रेपोमधली (प्रोजेक्टच्या फाइली ठेवतात तिथली) लायसन्स फाइल, किंवा ज्याचा हक्क आहे त्याचा लेखी मेल, हे पुरावे.

लायसन्सचेक नावाचं टूल आहे ते सगळ्या फोल्डरवरून फिरवा, ते फाइलींच्या सुरुवातीच्या कॉमेंट वाचून लायसन्स ओळखतं. पण त्याला फक्त मजकूर कळतो. चित्रं, फाँट, पीडीएफ यांच्याबद्दल ते काही सांगू शकत नाही, आणि टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमका तिथेच सगळा गुंता असतो, कारण अशा सॉफ्टवेअरमध्ये कोड कमी आणि इकडून तिकडून आणलेलं सामान जास्त. फाँटसाठी फाँटफोर्जमध्ये फाइल उघडा आणि फाँट इन्फोमध्ये कॉपीराइट आणि लायसन्सचे रकाने वाचा, ते फाँटच्या आतच लिहिलेले असतात.

आणि एक मूळ गोष्ट पक्की करा. फाइलवर काहीच लिहिलेलं नसेल तर त्याचा अर्थ 'मोकळं आहे' असा होत नाही, त्याचा अर्थ सगळे हक्क करणाऱ्याकडे आहेत असा होतो. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा साहित्यकृतीतच मोडतो, आणि हक्क मिळायला नोंदणी करावी लागत नाही, लिहिलं की हक्क आला. म्हणून नेटवर पडलेलं आहे म्हणून उचललं, हे चालत नाही.

डेबियन काय बघतं? त्यांची दहा कलमांची नियमावली आहे, १९९७ पासूनची, डीएफएसजी म्हणतात. त्यातली चार कलमं आपल्या कामात सारखी आडवी येतात. बदल करायची आणि बदललेलं वाटायची परवानगी हवी. सोर्स, म्हणजे संपादन करता येईल अशी मूळ फाइल, हवा. कोणत्याही कामासाठी वापरायची मोकळीक हवी, म्हणजे 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' किंवा 'व्यावसायिक वापर नको' असं लिहिलेलं असेल तर ते मुख्य विभागात जात नाही. आणि परवानगी फक्त डेबियनपुरती दिलेली असेल तरी चालत नाही, ती पुढे ज्याच्या हातात जाईल त्यालाही मिळायला हवी. हे शेवटचं नीट लक्षात घ्या, पुढे त्याचा किस्सा येतोय.

पायरी ३: आमच्या वहीत काय काय निघालं आणि ते कसं सोडवलं

पायथनची स्क्रिप्ट मित्राची स्वतःची, जीपीएल ३ किंवा पुढची (बदललेलंही त्याच अटींवर वाटा म्हणणारं मुक्त लायसन्स), तिथे काही प्रश्न नव्हता. बाकी पाच गोष्टी अडकल्या.

पहिली, क्लास फाइल. मित्राने ती शून्यातून लिहिलेली नव्हती, फार वर्षांपूर्वी कुठूनतरी उतरवलेल्या एका जुन्या क्लासवर बेतली होती, आणि त्या जुन्या फाइलच्या डोक्यावर साधारण असं लिहिलेलं की ही फाइल कुणालाही द्या पण बदलू नका. टेकच्या जुन्या फाइलींमध्ये असं खूप दिसतं आणि त्यामागे कारण आहे. टेकच्या जगात एकच डॉक्युमेंट वीस वर्षांनीही कुठल्याही मशीनवर तसंच दिसलं पाहिजे असा आग्रह असतो. खुद्द डोनाल्ड क्नुथ यांनी टेकबद्दल हेच सांगितलंय, सोर्स घ्या, बदला, पण बदललेल्याला टेक म्हणू नका. लाटेकच्या एलपीपीएल लायसन्समध्येही तोच विचार. तिच्या १.२ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये बदल केला तर फाइलचं नावच बदला अशी अट होती, आणि त्यावरून २००२-०३ मध्ये डेबियनवाले आणि लाटेकवाले यांच्यात लांबलचक चर्चा झाली, कारण लाटेकमध्ये फाइलचं नाव बदललं की ती फाइल बोलावणारं दुसरं सगळं मोडतं. त्यातून १.३ आवृत्ती आली, तिच्यात बदललेली फाइल स्वतःची ओळख 'मी बदललेली आहे' अशी स्पष्ट देत असेल तर नाव तेच ठेवता येतं. म्हणून आज कुठे एलपीपीएल दिसलं की आकडा वाचा. '१.२ किंवा नंतरची' असं लिहिलं असेल तर निश्चिंत राहा, तुम्ही १.३सी निवडू शकता. नुसतं '१.२' असेल तर लेखकाला लिहा.

आमच्या बाबतीत सुदैवाने त्या जुन्या क्लासची नवी आवृत्ती सीटॅनवर होती आणि ती लेखकाने स्वतः एलपीपीएल १.३सी खाली आणली होती. मग मित्राने एक रविवार बसून त्या नव्या फाइलवर आपले बदल परत केले. जुनी परवानगी सोडवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. अडकलात तर आधी नवी आवृत्ती शोधा, जुन्या मॅक्रोंचं लायसन्स नंतर सुधारल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

दुसरी, फाँट. पोथीकारच्या फोल्डरमध्ये एक देवनागरी फाँट ठेवलेला होता. लायसन्स ओएफएल १.१ (खास फाँटसाठीचं मुक्त लायसन्स), म्हणजे अगदी स्वच्छ, फाँट वापरा, बदला, सॉफ्टवेअरसोबत वाटा, नुसता फाँट एकटा विकू नका. मी वहीत टिक केली आणि पुढे गेलो. नंतर कळलं की मित्राने त्यात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला डोळ्याच्या पापणीसारखा र नीट केला होता आणि फाँट त्याच नावाने सेव्ह केला होता. आता ओएफएलमध्ये राखीव नावाची सोय असते, मूळ करणाऱ्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फाँटला ते नाव देता येत नाही. म्हणजे दुरुस्ती चांगल्या हेतूने केलेली, दिसायलाही छान, पण त्या नावाने वाटायला मनाई. यावर तीन वाटा असतात. फाँटचं नाव बदला. मूळ करणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. किंवा दुरुस्ती मूळ प्रोजेक्टला पाठवा आणि सोबतचा फाँट काढून टाका. आम्ही तिसरी घेतली, कारण डेबियनला तसंही फाँटची वेगळी प्रत पॅकेजमध्ये कोंबलेली आवडत नाही, शिवाय मित्राकडे बदललेल्या फाँटची संपादन करता येईल अशी सोर्स फाइल उरलेलीच नव्हती, नुसती टीटीएफ, म्हणजे तयार फाँट, होती. आता पोथीकार डेबियनमध्ये आधीच असलेल्या लोहित देवनागरीवर अवलंबून आहे आणि ज्याला दुसरा फाँट हवा तो सेटिंगमध्ये नाव टाकतो. प्रेसच्या कॉम्प्युटरवर असलेले विकतचे जुने फाँट मात्र चुकूनही सोबत देऊ नका. नाशिकमध्ये बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे ते असतात आणि 'हे घे, यात छान दिसतं' म्हणून पेनड्राइव्हवर मिळतात. ते तुमच्या मशीनवरही येता कामा नयेत, पॅकेज तर दूरच.

तिसरी, चौकटी. यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. पानाभोवतीच्या चौदा नक्षीच्या चौकटी होत्या, त्या रविवार कारंज्याजवळच्या एका प्रेसवाल्या काकांनी हाताने काढलेल्या, मग स्कॅन करून रेषा स्वच्छ केलेल्या. मी मित्राला विचारलं परवानगी आहे का, तो म्हणाला काकांनीच दिल्यात. मी तरी प्रेसवर गेलो. काका म्हणाले, 'अरे घे ना, तुला कोण नाही म्हणतंय?' आता या वाक्याने आपलं मन भरतं पण डेबियनचं काम होत नाही, कारण काकांनी ते मला दिलं. मी ते उद्या नागपूरच्या कुणा अनोळखी माणसाला देऊ शकतो का, आणि तो त्यात बदल करून विकू शकतो का, हे त्यांनी सांगितलेलंच नाही. मघाशी म्हटलं ते कलम हेच.

म्हणून प्रश्न बदला. 'मी वापरू का?' असं विचारू नका. हे विचारा: 'या चौकटी तुम्ही स्वतः काढल्यात का, आणि त्या तुम्ही अमुक लायसन्सखाली सगळ्यांना देता का, त्यात बदलायची आणि विकायचीही परवानगी येते?' मी काकांना सीसी बाय-एसए ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सचा अर्थ मराठीत समजावून सांगितला. नाव द्यावं लागेल, बदललेलं काम त्याच अटींवर द्यावं लागेल. त्यांनी सरळ विचारलं, 'म्हणजे शालिमारच्या एखाद्या प्रेसने माझ्या चौकटी छापून पैसे कमावले तरी मी काही बोलायचं नाही?' मी म्हटलं हो काका, तसंच, फक्त तुमचं नाव द्यावं लागेल. हे लपवू नका. समोरच्याला पूर्ण न समजता घेतलेली सही घेऊन काय करणार. काका म्हणाले दोन दिवस दे. दोन दिवसांनी त्यांनी प्रेसच्या लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं, सही-शिक्क्यासकट, आणि खाली आपणहून एक ओळ घातली की चौदापैकी तीन चौकटी त्यांनी एका जुन्या कॅलेंडरवरून गिरवल्या होत्या, त्या काढून टाकाव्यात. मी विचारलं नसतं तर त्या तीन तशाच गेल्या असत्या. पत्र स्कॅन करून, त्याचा मजकूर टाइप करून मित्राने रेपोमध्ये ठेवला.

चौथी, नमुना पोथी. सोबत एक स्तोत्र उदाहरण म्हणून होतं. मूळ संस्कृत शेकडो वर्षं जुनं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, पण खाली दिलेला मराठी अर्थ अलीकडच्या एका छापील पुस्तकातला होता. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं हक्क चालतो. अर्थ काढून टाकला, मित्राच्या आईने स्वतःच्या शब्दांत नवीन लिहिला आणि तो चांगला झाला.

पाचवी, मॅन्युअल. पीडीएफ होती, तिची टेक फाइल रेपोमध्ये नव्हती. डेबियनला डॉक्युमेंटेशनचाही सोर्स लागतो. मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर सापडली. तुमच्याकडे सापडली नाही तर पीडीएफ वगळा आणि साधं मॅन पेज (टर्मिनलमधलं मदतीचं पान) लिहा.

कुणी म्हणेल सगळंच पब्लिक डोमेन करून टाका. माझं मत, नका करू. आपल्या कायद्यात हक्क सोडायचीही रीत आहे, कलम २१ मध्ये, नुसतं फाइलवर 'पब्लिक डोमेन' लिहिल्याने जगभर सगळीकडे तोच अर्थ लागेल असं नाही. एखादं ओळखीचं, साधं लायसन्स लावा. आणि स्वतःचं नवीन लायसन्स कधीच लिहू नका, तपासणारा ते वाचून थकतो.

पायरी ४: जाहीर करा

वही स्वच्छ झाली की डेबियनच्या बग सिस्टीममध्ये आयटीपी टाकायचा, म्हणजे 'मी हे पॅकेज करतोय' अशी नोंद. रिपोर्टबग कमांड चालवून डब्ल्यूएनपीपी (नव्या पॅकेजांच्या नोंदींचा विभाग) निवडलं की ती स्वतः प्रश्न विचारत जाते. बग नंबर मिळेल तो जपून ठेवा, चेंजलॉगमध्ये (कोणत्या आवृत्तीत काय बदललं ती फाइल) लागतो.

पायरी ५: डेबियन फोल्डर

कामाचं मशीन कुठलंही असो, बांधणी अनस्टेबलमध्ये (डेबियनचा नवी पॅकेजं आधी येतात तो विभाग) करा, त्यासाठी एसबिल्ड वापरून वेगळं स्वच्छ वातावरण बनवा. तुमच्या मशीनवर वर्षानुवर्षं जमलेलं टेक असतं, तिथे सगळंच चालतं, दुसऱ्याकडे चालत नाही.

सोर्सच्या आत डेबियन नावाचं फोल्डर करायचं आणि त्यात मोजक्या फाइली. कंट्रोलमध्ये नाव, वर्णन, काय काय लागतं ते. डेबहेल्परची, म्हणजे पॅकेज बांधायला मदत करणाऱ्या टूलची, कंपॅट (सुसंगततेची पातळी) १३ ठेवा. इथे एक मोह होतो, टेकलाइव्ह-फुल, म्हणजे सगळंच टेक लाइव्ह, लिहून मोकळं व्हायचा. नका लिहू, वापरणाऱ्याला विनाकारण काही जीबी उतरवावं लागतं. तुमच्या क्लासमध्ये कोणत्या स्टाइल फाइली बोलावल्यात त्यांची यादी काढा आणि ॲप्ट-फाइल सर्च करून ती फाइल कोणत्या पॅकेजात आहे ते बघत जा. अर्ध्या तासाचं काम आहे.

रूल्स फाइल, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी, बहुतेक वेळा तीन ओळींची. क्लास फाइल यूएसआर-शेअर-टेक्सएमएफ या झाडात जायला हवी, टेक-लाटेक-पोथीकार अशा फोल्डरात (या दोन्ही पत्त्यांत डॅशच्या जागी स्लॅश समजा), म्हणजे लाटेकला ती सापडते. टेक्स-कॉमन पॅकेज इन्स्टॉलच्या वेळी फाइलींची सूची आपोआप ताजी करतं, तुम्ही काही चालवायचं नाही. सापडतेय का हे केपीएसई-विच विचारून बघा.

आता कॉपीराइट फाइल. इथे तुमची वही जशीच्या तशी उतरते, म्हणूनच आधी वही. ठरलेला साचा आहे. वर मूळ प्रोजेक्टचं नाव आणि पत्ता, मग प्रत्येक गटासाठी एक परिच्छेद: या फाइली, हक्क यांचा आणि या वर्षाचा, लायसन्स हे. आमच्याकडे पायथनचा एक, क्लासचा एक, त्यात मूळ लेखक आणि मित्र दोघांची नावं, चौकटींचा एक काकांच्या नावाने आणि खाली पत्र रेपोमध्ये कुठे आहे त्याची टीप, आणि डेबियन फोल्डरचा एक माझ्या नावाने. जीपीएलचा पूर्ण मजकूर द्यायची गरज नाही, तो प्रत्येक डेबियनमध्ये कॉमन-लायसन्सेस फोल्डरात असतोच, तिकडे बोट दाखवायचं. एलपीपीएल तिथे नाही, तिचा पूर्ण मजकूर कॉपीराइट फाइलमध्ये चिकटवावा लागतो. नवीन लोक हे हमखास विसरतात. जीपीएलची स्क्रिप्ट आणि एलपीपीएलचा क्लास एका पॅकेजात चालतात का असंही विचारतात, चालतात, ती दोन वेगळी कामं शेजारी ठेवलेली आहेत. मात्र एलपीपीएलचा कोड उचलून जीपीएलच्या फाइलमध्ये मिसळू नका, ती दोन लायसन्स एकमेकांशी जुळत नाहीत.

मूळ सोर्समधून काही काढायचंच असेल, जसं आमचा फाँट जुन्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) होता, तर कॉपीराइट फाइलच्या वरच्या भागात फाइल्स-एक्सक्लूडेड मध्ये त्या फाइलीचं नाव द्या. यूस्कॅन हे टूल नवीन सोर्स उतरवताना ती गाळून टारबॉल परत बांधतं आणि आवृत्तीला डीएफएसजी असं शेपूट लागतं. फक्त बांधताना डिलीट करून भागत नाही, सोर्सचा टारबॉलही वाटलाच जातो ना.

फेडोरासाठी करणाऱ्यांना, तिथे स्पेक फाइलमध्ये (पॅकेजची माहिती असते ती) लायसन्सच्या ओळीत एसपीडीएक्सची ठरलेली नावं लिहायची आणि त्यांच्या परवानगीच्या यादीत ते आहे का बघायचं. वही तीच चालते.

पायरी ६: बांधा आणि मराठी डोळ्याने तपासा

एसबिल्डने बांधलं की लिंटियन, म्हणजे पॅकेजमधल्या चुका शोधणारं टूल, चालवा. आपल्याकडे गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय ते बघतात, लिंटियन तसंच आहे, पाणी कुठवर आलंय ते सांगतं. ई (एरर) अक्षराच्या सगळ्या तक्रारी मिटवा, डब्ल्यूच्या (वॉर्निंग) समजून घ्या. पण लायसन्स खोटं लिहिलं असेल तर ते त्याला कळत नाही.

छापून आलेलं मात्र स्वतः बघा. झीलाटेकमध्ये फाँटला एखादं अक्षर नसेल तर बांधणी थांबत नाही, लॉग फाइलमध्ये एक 'मिसिंग कॅरेक्टर' ची ओळ पडते आणि पानावर मोकळी जागा किंवा नुसता चौकोन राहतो. पोथीत एक अक्षर गळणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. यावर उपाय आहे, ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या टेकच्या सेटिंगची किंमत ३ ठेवा, टेक लाइव्ह २०२१ पासून मग ती चूक समजून काम थांबतं. चाचणीसाठी एक छोटी फाइल ठेवा, त्यात 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'कर्म', 'ज्ञान', 'क्षेत्र', 'लाल', 'शंख' असे शब्द घाला. भाषा मराठी दिलेली असेल आणि फाँटमध्ये मराठी रूपं असतील तर ल आणि श आपले येतात, नाहीतर हिंदीचे येतात, हे परदेशातल्या कुठल्याही तपासणाऱ्याला दिसणार नाही, तुम्हालाच दिसेल. हीच फाइल ऑटोपीकेजीटेस्टमध्ये टाकली की डेबियनची मशीनं ती अधूनमधून आपोआप चालवत राहतात आणि टेक लाइव्ह बदललं, काही मोडलं, तर तुम्हाला लगेच कळतं.

मॅन्युअल बांधताना पानावर आजची तारीख येत असेल तर प्रत्येक बांधणीत पीडीएफ वेगळी होते. डेबियनला तीच बांधणी तशीच परत करता यायला हवी असते. फोर्स-सोर्स-डेट (टाइप करताना डॅशच्या जागी अंडरस्कोअर) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत १ ठेवली की तारीख चेंजलॉगमधली घेतली जाते.

पायरी ७: स्पॉन्सर आणि रांग

तुम्ही डेबियन डेव्हलपर नसाल तर स्वतः थेट अपलोड करता येत नाही. जीपीजी की (सही करायची डिजिटल चावी) बनवा, पॅकेज मेंटॉर्स साइटवर चढवा आणि आरएफएसचा बग टाका, म्हणजे स्पॉन्सर, आपल्या वतीने अपलोड करणारा डेव्हलपर, हवाय. बगमध्ये दोन ओळी जास्तीच्या लिहा, पॅकेज कुणाच्या उपयोगाचं आहे आणि लायसन्सचं काय काय सोडवलंय. उत्तर यायला वेळ लागतो, चिडू नका, सगळे आपलं काम सांभाळून करतात. सांगितलेले बदल करा आणि परत चढवा.

स्पॉन्सरने अपलोड केलं की नवीन पॅकेज 'न्यू' नावाच्या रांगेत जातं, तिथे माणसं कॉपीराइट फाइल आणि प्रत्यक्ष फाइली ताडून बघतात. आमचं पहिल्यांदा इथूनच परत आलं होतं, फाँटमुळे. दुसऱ्यांदा काही न विचारता पास झालं.

पास झालं की काम संपलं असं समजून थांबू नका. रांगेत जाताना बांधलेली बायनरी, म्हणजे तयार डेब फाइल, सोबत द्यावी लागते, आणि हाताने दिलेली बायनरी असलेलं पॅकेज पुढे टेस्टिंगमध्ये (पुढच्या डेबियनची तयारी होते तो विभाग) सरकत नाही. म्हणून चेंजलॉगमध्ये आवृत्तीचं शेवटचं -१ चं -२ करा, 'सोर्स-ओन्ली अपलोड' एवढी एक ओळ लिहा आणि फक्त सोर्स परत पाठवा. मग डेबियनची मशीनं ते स्वतः बांधतात आणि काही बिघडलं नाही तर साधारण पाच दिवसांत ते टेस्टिंगमध्ये येतं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन प्रेसवर गेलो, काकांच्या समोर ॲप्ट इन्स्टॉल केलं आणि कॉपीराइट फाइल उघडून त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्पेलिंग तपासलं.